दोन हिटर आणि शुक्रवारचा खटका

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळत आलो. विषय निघत नाही असं नाही. दर हिवाळ्यात निघतो. थंडी पडली की बायको हमखास म्हणते, "आता तुमच्या मासल्यांना गोधडी घाला." मग नातवंडं मागे लागतात, आणि मी दवाखान्यातल्या काचेच्या टाकीची गोष्ट सांगायला बसतो. जिथपर्यंत ती हसण्यासारखी आहे तिथपर्यंत सांगतो आणि चहा मागवतो. पुढची अर्धी गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नाही, बायकोलाही नाही. ती आज लिहून टाकतो.

मी भिवंडीत एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. कंपाउंडर म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितील ते लाल किंवा पिवळं औषध बाटलीत भरायचं, बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची, आणि "एक एक खूण, दिवसातून तीन वेळा, हलवून" असं आईला बजावायचं, हे माझं काम. दवाखाना नारपोलीत होता. दोन्ही बाजूंना कापडाचे यंत्रमाग, सतत खडखडणारे. डॉक्टर मुलाच्या छातीला नळी लावून डोळे मिटायचे तेव्हा मला नेहमी वाटायचं, यांना मुलाची छाती ऐकू येते की शेजारचा कारखाना. आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायचो. शुक्रवारी माग बंद असायचे, तरी सवयीनं ओरडूनच बोलायचो.

ऐंशीच्या दशकात डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत माशांची टाकी ठेवली. सुई टोचायच्या आधी मुलं माशांकडे बघत गप्प बसतात, एवढाच हेतू. तेव्हा त्यात साधे सोनेरी मासे होते. पण डॉक्टरांचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, समुद्राला लागून. पुढे नव्वदच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईत कुणाच्या तरी घरी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. मला म्हणाले, "अरे, गोड्या पाण्यातले मासे म्हणजे रोजचा वरणभात. आपण आता समुद्र आणायचा."

समुद्र आणायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. खाडीचं पाणी चालणार नव्हतं, ते गढूळ. वसईच्या पुढे कापडाच्या गाठी पोचवून रिकामा परतणारा एक टेम्पो होता, त्यातून मी प्लास्टिकच्या कारब्यांत, म्हणजे मोठ्या कॅनमध्ये, होडीवाल्यांकडून समुद्राचं स्वच्छ पाणी आणायचो. चार फूट लांब टाकी, तिला तेरा कारबे लागले. डॉक्टर गावी गेले की ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतले दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायचे. त्या दगडांवर नाण्याएवढी हिरवी-तपकिरी फुलं होती. ती फुलं नव्हेत, जनावरं आहेत, पोवळ्याच्या कुळातली, असं डॉक्टरांनी समजावलं. दिवा लावला की उमलायची, बोट लावलं की मिटायची. मासे मुंबईच्या बाजारातून आले: नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन आणि निळे तीन. एका दगडातून एक खेकडा फुकट आला.

आमचं घर खाडीकाठचं. आमच्यात मासा दिसला की पहिला प्रश्न कालवण की तुकडी. बायको एकदा बघायला आली, टाकीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढंसं मासं. यांचा रस्सा पण व्हायचा न्हाय." डॉक्टर आतून म्हणाले, "वहिनी, ते ऐकतात हो." ती म्हणाली, "ऐकूदेत. घाबरून वाढतील तरी."

पहिले सहा-सात महिने सगळं छान चाललं. भिवंडीत उन्हाची काळजी करायची, थंडीची कुणी करत नाही. पण डिसेंबर लागला आणि दवाखान्याची शहाबादी फरशी सकाळी पायाला झोंबू लागली, तसे मासे एका कोपऱ्यात गोळा झाले. फुलं दुपारपर्यंत मिटलेली. डॉक्टर म्हणाले, "पाण्याचं तापमान बघ." मी मुलांच्या काखेत लावायचा थर्मामीटर टाकीत बुडवला आणि सांगितलं, "साहेब, पाराच चढत नाही. नॉर्मलच्या खूप खाली आहेत."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तो पस्तिसापासून पुढे मोजतो. यांना पंचवीस लागतं. माशाला ताप बघतोस होय रे?"

मग प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर आला. पाणी एकोणिसावर होतं. हिटर घ्यायचं ठरलं, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

त्या वेळी असले हिटर निवडायचे म्हणजे दुकानदार सांगेल ते ऐकायचं. पहिला आणला तो काचेची नळी, आत वाळू आणि तार, वर रबरी बूच. दोन दिवसांनी बुचातून पाणी आत गेलं आणि टाकीत बोट घातलं की कोपरापर्यंत मुंग्या यायला लागल्या. तो काढला. बायकोनं आंघोळीच्या पाण्याची कांडी सुचवली. डॉक्टर म्हणाले, मिठाच्या पाण्यात ती धातूची कांडी झिजेल आणि फुलांना विष होईल. दुसरा हिटर 'बाहेरचा माल' म्हणून मिळाला. शंभर वॅटचा. काचेची जाड नळी, वर तापमान ठरवायची चकती, आत लाल दिवा. पाणी हवं तेवढं तापलं की आपोआप बंद होणारा. दिसायला इतका देखणा की आया मुलांना माशांऐवजी तो दाखवायच्या.

डॉक्टर म्हणाले, याची रीतसर तपासणी करू. मी एक केसपेपर घेतला आणि त्यावर लिहिलं: रुग्णाचे नाव, हिटर. वय, नवीन. तक्रार, ताप येत नाही. रोज चार वेळा पाण्याचं तापमान मांडायचं. लाल दिवा दिवसभर जळत राहायचा, पाणी एकवीसच्या वर जायचं नाही. पाच दिवस असं झालं. आणि सहाव्या दिवशी पाणी पंचविसावर जाऊन दिवा आपोआप बंद झाला. आम्हाला इतका आनंद झाला की डॉक्टरांनी केसपेपरवर 'सुधारणा' असं लिहून सही केली. आम्ही निष्कर्ष काढला की हिटरला नव्या पाण्याची सवय व्हायला पाच-सहा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी पाणी परत उतरलं. डॉक्टर म्हणाले, "रुग्ण उलटला." मग त्यांनी ठरवलं की शंभरचा काढून सरळ तीनशे वॅटचा एकच दणकट हिटर आणायचा.

तो केसपेपर भिंतीला टाचलेला होता, आणि मिस्त्री आले तेव्हा त्यांनी तो वाचला.

मिस्त्री म्हणजे आमच्या गल्लीत मागांच्या मोटारी भरून देणारे कारागीर. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश लावून भट्टीत सुकवायची. त्याच्या तीसएक वर्षं आधी उत्तर प्रदेशातून आलेले. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो. मराठी सगळं कळायचं, बोलताना हिंदी. त्या दिवशी ते दवाखान्याचा पंखा बघायला शिडीवर चढले होते. तिथूनच केसपेपर वाचून हसायला लागले.

"कंपाउंडर साहब, मरीज का नाम लिखा, उमर लिखी. वार कहाँ लिखा है?"

"वाराचं काय?"

"जिस दिन बुखार चढ़ा वो कौन सा दिन था?"

मी बोटांवर मोजलं. शुक्रवार.

मिस्त्री शिडीवरून उतरले आणि मला त्यांनी जे सांगितलं ते भिवंडीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, फक्त आम्हाला दोघा शिकलेल्यांना सुचलं नव्हतं. माग चालू असले की सगळी वीज ते ओढून घेतात. गल्लीत विजेचा दाब इतका उतरतो की बल्ब पिवळे पडतात आणि शंभरचा हिटर जेमतेम पन्नास-पंचावन्नचं काम करतो. गुरुवारी संध्याकाळी माग थांबले की दाब एकदम चढतो, तो शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. तेव्हा तोच हिटर सव्वाशेचा होतो. शुक्रवार आम्ही पंख्याच्या वेगावरून ओळखायचो, तरी हे ध्यानात आलं नव्हतं.

"आणि तीनशेचा आणला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्त्रींनी आमच्या देखण्या हिटरची टोपी उघडली आणि आतल्या दोन बारीक टिकल्या दाखवल्या. पाणी गार झालं की त्या एकमेकींना चिकटतात, तापलं की सुटतात. "ये एक दिन चिपकेंगी, फिर छूटेंगी नहीं. हर हिटर में यही होता है. डॉक्टर साहब, हिटर दो तरह से मरता है. ठंडा मरे तो सुबह तक कोई नुकसान नहीं. गरम मरे तो सबको ले के मरता है. तीन सौवाला शुक्रवार को गरम मरा तो सीधा कालवण."

शेवटचा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून मराठीत म्हटला.

त्यांची निवड अशी होती. एक मोठा न घेता दीडशेचे दोन साधे, चांगल्या जाड काचेचे. दोन्हींचा ताबा एका लाकडी पेटीकडे, जी ते स्वतः बनवणार. पेटीत चांगल्या प्रतीचा थर्मोस्टॅट, त्यातही तशाच टिकल्या. आणि पेटीवर एक खटका: वर केला की दोन्ही हिटर, खाली केला की एकच. माग चालू तेव्हा वर, माग बंद तेव्हा खाली. मग शुक्रवारी टिकल्या चिकटल्या तरी एकट्या हिटरला पाणी तिशीच्या पुढे नेता येणार नाही. हे त्यांनी माझ्या औषधाच्या पुड्यांच्या कागदावर वॅट आणि लिटर मांडून दाखवलं. मला आकडे कळले नाहीत, पण त्यांचं अक्षर सुंदर होतं.

त्या पेटीत मिस्त्रींचा जीव अडकला होता, आणि त्याचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वार्निशच्या वासानं त्यांचा खोकला हटेना. डॉक्टर लहान मुलांचे, पण चाचांना ते फुकट तपासायचे आणि दर वेळी एकच सांगायचे, भट्टी सोडा. सोडून करणार काय? या पेट्या. गावातल्या दवाखान्यांत लशी ठेवायचे फ्रिज होते आणि दाबाच्या या खेळात ते सारखे बिघडायचे. बाजारातल्या स्टॅबिलायझरचा आमच्या गल्लीत टिकाव लागत नव्हता. मिस्त्रींना बसून करता येण्यासारखं, स्वच्छ हवेतलं काम म्हणजे फ्रिजसाठी अशी पेटी, आणि तिच्यात खटका आपोआप फिरेल अशी युक्ती त्यांच्या डोक्यात तयार होती. डॉक्टरांनी आणखी तीन डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. ते तिघे म्हणाले, आधी तुमच्या टाकीवर एक हिवाळा चालू दे, मग आम्ही घेतो.

म्हणजे त्या हिवाळ्यात टाकीत फक्त मासे नव्हते. मिस्त्रींचं पुढचं आयुष्य होतं. आणि खटका फिरवायचं काम माझ्याकडे होतं.

पेटी बसली त्या दिवशी मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले. मला त्यांनी चार वेळा खटका वरखाली करायला लावला. "गुरुवार शाम को नीचे, शुक्रवार शाम को ऊपर. भूलना मत."

मी म्हटलं, "चाचा, मी रोज दोनशे पोरांची औषधं लक्षात ठेवतो."

"बच्चे रोते हैं, इसलिए याद रहता है. मछली रोती नहीं."

महिनाभर पाणी पंचवीस-सव्वीसच्या मध्ये राहिलं. मासे पुढे आले, फुलं सकाळी नऊलाच उमलायला लागली, दगडाच्या मागे एका फुलाची चार झाली. मिस्त्री रोज जेवायच्या सुट्टीत येऊन टाकीपुढच्या बाकावर बसायचे. आजारी मुलांच्या आया त्यांना विचारायच्या, तुमचं बाळ कुठाय, तर ते पेटीकडे बोट दाखवायचे. एकदा त्या तिघांपैकी एक डॉक्टर स्वतः बघून गेले आणि म्हणाले, मार्चमध्ये माझी पेटी पहिली. त्या दिवशी मिस्त्रींनी दवाखान्यातल्या सगळ्यांना चहा पाजला, तापानं फणफणलेल्यांनाही.

आता हसण्यासारखी गोष्ट संपते. नातवंडांना मी इथून पुढे "मग उन्हाळा आला" असं सांगतो.

जानेवारीतल्या एका गुरुवारी मी दुपारनंतर बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो. सासुरवाडी अकलोलीची. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं आणि त्याची कुंडं बांधली आहेत. मेव्हण्यानं बोलावणं पाठवलं होतं की थंडी आहे तोवर येऊन शेकून जा. दवाखाना गुरुवारी दुपारनंतर बंद असायचा. निघताना खटका खाली करून ठेवायचं मनात आलं होतं. पण माग अजून चालू होते. आत्ताच एक हिटर बंद केला तर संध्याकाळपर्यंत पाणी उतरेल असं वाटलं. सातपर्यंत परत येऊन करू, म्हटलं.

त्या कुंडात मी गळ्यापर्यंत बुडून बसलो. वर्षभराचा शिणवटा गेला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, उठा आता, शिजाल." मी म्हटलं, "जरा थांब रे." बाहेर आलो तर बायकोच्या भावजयीनं गावठी कोंबडी चुलीवर ठेवलेली. बायको म्हणाली, "आता कवा जाताव? राहू सकाळपर्यंत." आम्ही राहिलो. जेवताना, झोपताना, एकदाही मला खटका आठवला नाही. हे मी शपथेवर सांगतो, आणि यानं काही फरक पडत नाही हेही मला कळतं.

शुक्रवारी सकाळी पहिल्या एस.टी.नं आलो आणि सरळ दवाखाना उघडला. शुक्रवारी मागवाल्यांना सुट्टी, म्हणून मुलांना घेऊन बापही यायचे आणि गर्दी दुप्पट. टाकीची काच आतून धुकट दिसली. थंडीनं असेल म्हणून मी तिकडे पाठ करून बाटल्या लावायला घेतल्या. पहिल्या बाकावर टेमघरची एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती. तिनं पदरानं काच पुसली आणि म्हणाली, "कंपाउंडर, ही मासली आडवी का झाल्यान रं?"

मी वळलो. निळे तिन्ही मासे वर तरंगत होते. नारिंगी दोघांतला एक अजून तोंड उघडमीट करत होता. दगडांवरची फुलं मिटली होती आणि त्यांच्यातून पांढरा चिकट पदार्थ सुटून पाण्यात लोंबत होता. थर्मामीटर छत्तीसवर. पंखा गरगर फिरत होता. पेटीवरचा खटका वर होता.

मी आधी वायर उपसली. मग माझा हात पेटीकडे गेला आणि मी खटका खाली केला. वायर काढल्यावर खटका वर असो की खाली, माशांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तो मी कशासाठी खाली केला हे मला त्याच क्षणी माहीत होतं.

दहा मिनिटांत डॉक्टर आले. टाकीपुढे उभे राहिले. रागावले नाहीत, तेच जास्त वाईट. फक्त विचारलं, "खटका?"

"खाली केला होता साहेब. काल दुपारीच, जाताना."

म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिनं मला खटका फिरवताना पाहिलं असेल, पण तो कशाचा हे तिला काय ठाऊक.

मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते सुट्टीच्या दिवशी घरच्या लुंगीवर धावत आले. त्यांनी माशांकडे नंतर पाहिलं. आधी खटका पाहिला, मग पेटी उघडून टिकल्या पाहिल्या. चिकटल्या होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तशाच. खटका होता तो त्याच दिवसासाठी.

"एक ही चल रहा था?" त्यांनी मला विचारलं.

"हो, एकच."

त्यांनी थर्मामीटर काढून उजेडात धरला. परत ठेवला. माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, खोटं बोलतोस. तसं म्हणाले असते तर मी तिथल्या तिथे कबूल झालो असतो, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्यांना तो संशय आलाच नाही. ते डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "तो फिर मेरा हिसाब गलत है साहब. माफ कीजिए."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, दोष पेटीवर जाईल, यंत्रावर जाईल, विजेवर जाईल. माणसावर जाईल असं वाटलं नव्हतं, आणि तो माणूस तो दोष स्वतःच उचलून घेईल असं तर मुळीच नाही.

त्या तिघा डॉक्टरांनी वाईट बोलून दाखवलं नाही. मुंबईहून तयार स्टॅबिलायझर मागवले, एवढंच. आमच्या डॉक्टरांनी पेटी काढून माळ्यावर ठेवली. टाकीत दोन फुलं आणि खेकडा वाचला होता. खेकडा त्यानंतर दोन वर्षं एकटा राज्य करत होता, आणि मुलांना तो माशांपेक्षा जास्त आवडायचा, हेही खरं आहे. डॉक्टर त्याला बघून हसायला लागले तसं माझ्या मनावरचं ओझं जरा हललं. मग मिस्त्री आले की पुन्हा बसायचं.

कारण मिस्त्री यायचे. भट्टीवरून येताना वार्निशचा वास घेऊन यायचे, खिशातून कागद काढायचे. "कंपाउंडर साहब, ये देखिए. डेढ़ सौ वॅट. ज़्यादा से ज़्यादा एक सौ नब्बे. इतने पानी में रात भर में भी छत्तीस नहीं होता. कैसे हुआ?" कधी काचेची जाडी धरून मांडायचे, कधी दवाखान्याची खिडकी बंद होती असं धरून. एकदा घरी बादलीत पाणी घेऊन, शुक्रवारी, एका हिटरवर दिवसभर बसून पाहिलं. बादली लहान, म्हणून त्याचाही हिशेब लावला. सगळीकडून उत्तर एकच येत होतं, आणि ते बरोबर होतं. ते फक्त माझ्या शब्दाशी जुळत नव्हतं. आणि त्यांनी माझा शब्द पक्का धरला होता.

मी म्हणायचो, "जाऊ द्या हो चाचा, वीज ती. तिचा काय भरवसा."

"बिजली का ही तो भरोसा है," ते म्हणायचे. "वो झूठ नहीं बोलती."

मी ठरवून तीनदा त्यांच्या दुकानी गेलो. पहिल्यांदा कुणीतरी जळकी मोटार घेऊन आलं आणि ते तिच्यात गुंतले. दुसऱ्यांदा त्यांनी मला बसवलं, समोशाची पुडी उघडली आणि माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. तिला इंजेक्शनची भीती वाटायची तेव्हा तेच तिला मागावरच्या सुताच्या रिकाम्या कांड्यांचा मनोरा करून द्यायचे. मी परीक्षेचं तेवढं सांगितलं आणि उठलो. समोसे मात्र मी दोन खाल्ले. तिसऱ्यांदा गेलो तो दिवस त्यांच्या जाण्याचा निघाला. खोकला वाढला होता, मुलानं गावी बोलावलं होतं. सामान रिक्षात भरलं होतं. मला वाटलं, आता सांगतो. रिक्षावाला घाई करत होता. मिस्त्रींनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हसून म्हणाले, "सब जुड़ गया कंपाउंडर साहब, वो एक हिसाब नहीं जुड़ा." मी म्हटलं, "सांभाळून जा." रिक्षा वळली.

पाच-सहा वर्षांनी त्यांच्या दुकानाच्या जागी आलेल्या माणसाकडून कळलं की ते गावीच वारले. पत्ता मी त्याआधी दोनदा मागून आणला होता, पत्र एकदाही टाकलं नाही. हिंदी नीट लिहिता येत नाही हे त्याचं कारण मी स्वतःला देत होतो. बोलायची वाक्यं मात्र तयार होती. त्या तिसऱ्या खेपेला नारपोलीच्या रस्त्यानं चालत जाताना मी ती माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत पुन्हा पुन्हा म्हटली होती, आणि आजही ती जशीच्या तशी येतात:

चाचा, तुम्हारा हिसाब बराबर था. दोनों हिटर चालू थे. मैं गुरुवार को खटका फिराने को भूल गया, और सुबह फिरा के झूठ बोला. पेटी में कुछ गलती नहीं थी. गलती मेरी थी, मेरे को माफ करो.